जुनं चिनी पोर्सेलिन घ्यायचंय? आधी उलटं करून बघा

निळ्या-पांढऱ्या चिनी प्लेटवरचं चित्र बघून जीव हरखतो हे खरंय, पण पैसे काढायच्या आधी ती उलटी करा. चित्राची हुबेहूब नक्कल करणारे कारागीर आजही चीनमधल्या जिंगदेझेनमध्ये आहेत, शेकडो वर्षं हा माल जिथे बनला त्याच गावात, पण जुनं बूड जमवणं त्यांनाही अवघड जातं.

बुडाची जी कड टेबलावर टेकते तिला बहुतेक वेळा ग्लेझ (वरचा काचेसारखा चकचकीत थर) नसतं, तिथून बोट फिरवा. कांगशी बादशहाच्या काळातल्या (१६६२ ते १७२२) चांगल्या तुकड्याची माती बारीक आणि घट्ट लागते. मग भिंगातून ओरखडे बघा. खऱ्या वापराचे ओरखडे कसेही, कुठेही गेलेले असतात, काही खोल काही पुसट. सगळे एकाच दिशेने असतील तर कुणीतरी पॉलिश पेपर मारलाय. मी पहिला बाऊल घेतला तेव्हा कडेवरचा तपकिरी मळ बघूनच खूश झाले होते, घरी आणून कोमट पाण्यात ठेवला तर पाणी चहासारखं झालं आणि खाली पांढरीशुभ्र कोरी माती. तेव्हापासून मळावर माझा विश्वास नाही.

बुडावरचा मार्क, म्हणजे बादशहाचं नाव असलेली चिनी अक्षरं, उजवीकडच्या ओळीपासून, वरून खाली वाचायचा. पण मार्क म्हणजे तारीख नव्हे!! कांगशी काळातल्या कितीतरी तुकड्यांवर चेंगहुआ या आधीच्या बादशहाचं (१४६५ ते १४८७) नाव आहे, जुन्या मालाचा मान म्हणून घातलेलं, आणि एकोणिसाव्या शतकातल्या मालावर परत कांगशीचं. इंग्रजी अक्षरात ‘चायना’ असेल तर माल बहुधा १८९१ नंतरचा, त्या वर्षापासून अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं.

बोटाच्या टोकावर पेललेल्या बाऊलला नखाने टिचकी मारा, खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. दुरुस्ती लपवली असेल तर यूव्ही टॉर्चखाली तो भाग बरेचदा वेगळाच चमकतो.

सुरुवात टवका उडालेल्या एक्स्पोर्ट प्लेटांपासून (परदेशात विकायला बनवलेल्या) करा, स्वस्त पडतात आणि तुटलेल्या जागी आतली माती दिसते, ती बघूनच खरं शिकायला होतं. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं टाटांच्या संग्रहातलं चिनी पोर्सेलिन आधी नीट बघून या. आणि परदेशात राहणाऱ्यांनो, शंभर वर्षांवरची वस्तू भारतातून बाहेर न्यायला १९७२च्या कायद्याने बंदी आहे, आजीची प्लेट बॅगेत भरू नका.