सही राहिली ती राहिलीच

माझ्याकडे एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, एक जुनी डायरी आहे. तिच्यात दोन वर्षांचे मिळून २६८ तास लिहिलेले आहेत. सह्या आहेत त्यांतल्या फक्त ९४ तासांपुढे. बाकीचे रकाने कोरे. यंदा कॉलेजात किंवा ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात नव्यानं येणाऱ्या मुलांसाठी हे लिहायला बसले, ती डायरी समोर ठेवूनच.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी, आणि घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच. सकाळची कदंब बस चुकली की पहिलं लेक्चर गेलं, संध्याकाळची चुकली की घरी आईचा जीव टांगणीला. त्यामुळे सूचनाफलक मी कधी शांतपणे वाचलाच नाही. पिशवी खांद्यावर, एक डोळा घड्याळावर, तेवढ्यात काय दिसेल ते. तुमच्यातले बरेच जण असेच वाचणार आहात, म्हणून आधीच सांगते.

फलकावर कौतुकाच्या सूचना असतात: उत्कृष्ट विद्यार्थी, उत्कृष्ट स्वयंसेवक, शिष्यवृत्ती. गावात जाऊन काम करायच्या असतात: रक्तदान, किनारा सफाई, सात दिवसांचं शिबिर. आणि एका कोपऱ्यात, महिनोन् महिने तोच कागद पिवळा पडेपर्यंत, समुपदेशकाच्या वेळा असतात. कौतुकाच्या आपण हौसेनं वाचतो, कामाच्या मैत्रिणी जातात म्हणून वाचतो, कोपऱ्यातला कागद वाचतच नाही. माझ्या बाबतीत हे तिन्ही कागद एकमेकांत अडकलेले निघाले, आणि ते कळेपर्यंत तिसरं वर्ष संपत आलं होतं.

एनएसएस म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. १९६९ साली सुरू झालेली योजना, २४ सप्टेंबर हा तिचा दिवस, वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४०, शिवाय एक विशेष शिबिर. हे आकडे मलाही पाठ होते. मी कामात कुठंही कमी पडले नाही. डिसेंबरात एका व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, आम्ही वनराई बंधारा घातला. रिकाम्या पोत्यांत माती भरायची, तोंडं शिवायची आणि रांगेनं हातोहात पाण्यात उतरवायची. पाणी इतकं गार की अर्ध्या तासात पावलं बधिर. दुसऱ्या दिवशी पाणी अडून वर चढलेलं बघायला गावातली म्हातारी माणसं काठावर येऊन उभी राहिली, आणि एका आजीनं आमच्या सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. ते चार दिवस आयुष्यात विसरणार नाही. डायरीत त्या चार दिवसांपुढे सही नाही.

का नाही? कारण तेव्हा सही करणारे सर, म्हणजे एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी, कामात होते, मी चिखलात होते, आणि डायरी बॅगेत होती. सोमवारी घेऊ म्हटलं. सोमवारी चाचणी परीक्षा होती. मग नाताळच्या सुट्टीनंतर, मग परीक्षेनंतर. एक सीनिअर म्हणाला, 'अगं, सर ओळखतात ना तुला, वर्षाच्या शेवटी सगळ्या सह्या एकदम होतात.' मी विश्वास ठेवला. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा कार्यक्रम अधिकारी बदलले होते.

नवे सर वाईट नव्हते. त्यांनी डायरी पानं उलटून नीट पाहिली आणि म्हणाले, 'हे तू केलं असशील, माझा विश्वास आहे. पण मी ते पाहिलेलं नाही, मी सही कशी करू?' तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, त्यांनी न पाहिलेल्या कामावर सही केली असती तर ज्यांनी खरंच पोती वाहिली त्यांच्या सह्यांनाही काही किंमत उरली नसती. हजेरीची वही शोधली. काही पानं सापडली, त्यांवर माझं नाव होतं, त्यांतून थोडे तास वाचले. शिबिराच्या यादीत माझं नाव होतं, पण बंधाऱ्याच्या चार दिवसांचं पान मिळालं नाही. २४० काही भरले नाहीत. प्रमाणपत्र नाही.

दुसरं वर्ष संपताना फलकावर उत्कृष्ट स्वयंसेवकाची सूचना लागली, पाच दिवसांची मुदत. मी अर्ज केला, सोबत फोटो जोडले, वर्तमानपत्रातलं कात्रण जोडलं. खिडकीवरच्या बाईंनी डायरी उघडली, बोट रकान्यावर ठेवलं आणि विचारलं, 'बाय, सय खंय आसा?' सही कुठं आहे? मला उत्तर देता आलं नाही. अर्ज परत.

म्हणून हे एवढं घट्ट लक्षात ठेवा. काम संपलं की हातपाय धुवायच्या आधी डायरी काढायची. सही त्याच दिवशी, त्याच जागी, घरच्या बसमध्ये चढायच्या आधी. पेन्सिलीनं लिहायचं नाही. नुसतं 'स्वच्छता' किंवा 'श्रमदान' असं लिहायचं नाही. कुठल्या गावात, काय काम, किती ते किती वाजेपर्यंत, असं लिहायचं, कारण वर्षभरानं तुम्हालाच आठवणार नाही. सही झालेल्या पानाचा फोटो काढून ठेवायचा. हजेरीची वही फिरते तेव्हा आपलं नाव आणि रोल नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, मैत्रिणीला 'माझंही लिही' म्हणायचं नाही. वर्ष संपताना त्या वर्षाच्या एकूण तासांची बेरीज करून त्याखाली सही आणि शिक्का घ्यायचा. हे सर्वांत महत्त्वाचं, कारण अधिकारी बदलतात, खोल्या बदलतात, कपाटं हलतात, आणि पावसाळ्यात कागदाला बुरशी येते. शिबिराचा दाखला सातव्या दिवशी मागायचा. मागताना लाजायचं नाही. मी लाजले होते. सेवेचा हिशोब काय मागायचा, असं वाटलं होतं. पण सेवा गावासाठी केली, ती गावाला पोचली. डायरी ही नोंद आहे, आणि नोंद ठेवणं म्हणजे मोठेपणा मिरवणं नव्हे. एवढी एक गोष्ट मला कुणी पहिल्या आठवड्यात समजावली असती तर!

एनसीसीत असाल तरी हेच. खेळात असाल तरी हेच. स्पर्धेत तिसऱ्या आलात, बक्षीस मिळालं, दाखला 'नंतर पाठवू' म्हणाले, तर नंतर येत नाही असं समजून चाला.

आता अर्जांच्या सूचना. त्या आपल्याकडे बहुतेक इंग्रजीत असतात, आणि त्यांची खरी गोष्ट शेवटच्या दोन ओळींत असते. 'थ्रू प्रॉपर चॅनेल' लिहिलं असेल तर अर्ज थेट द्यायचा नाही, विभागप्रमुख किंवा प्राचार्यांच्या सहीनं पुढं जायचा असतो. म्हणजे पाच दिवसांच्या मुदतीतले दोन दिवस त्या सहीचे. 'सेल्फ अटेस्टेड' म्हणजे झेरॉक्सवर तुमची स्वतःची सही. ग्रुपवर फॉरवर्ड होऊन आलेल्या सूचनेत नेमक्या याच ओळी कापलेल्या असतात, फोटो अर्धाच काढलेला असतो. मूळ कागद जाऊन बघा किंवा संस्थेच्या संकेतस्थळावर बघा.

शिष्यवृत्तीचं थोडक्यात. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरला म्हणजे झालं नाही, संस्थेनं तो तपासून पुढं पाठवावा लागतो. त्या टेबलाशी जाऊन विचारत राहा. आणि आपल्याकडे आडनावांची रोमन स्पेलिंगं हा कायमचा घोळ आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर बाबांनी सांगितलेलं तिसरं. ते जूनमध्ये सारखं करून घ्या, सप्टेंबरात नाही.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे, आणि ते बदलणार नाही. एका तासाचा वेबिनार चालू ठेवायचा, कॅमेरा बंद, शेवटी फॉर्म भरायचा आणि ई-प्रमाणपत्र घ्यायचं, अशी चाळीस-चाळीस प्रमाणपत्रं फाइलला लावणारी मुलं मी पाहिली आहेत. मुलाखतीत एक प्रश्न विचारला की ती फाइल गप्प होते. त्यापेक्षा एकच गाव धरा, दोन वर्षं तिथं जा, तिथल्या पंचांना तुमचं नाव माहीत होऊ दे. मार्गदर्शक निवडतानाही मोठं नाव बघू नका. ज्यांच्या भोवती कायम गराडा असतो ते सर तुमच्यासाठी शिफारसपत्र लिहितील, पण ते कुणालाही लागू पडेल असं असेल. दुपारी चार वाजता ज्या मॅडम हमखास आपल्या खोलीत सापडतात, ज्यांनी तुम्हाला चुकताना पाहिलंय, त्यांच्याकडे जा. आणि कार्यालयातल्या क्लार्कशी, ग्रंथालयातल्या मदतनिसाशी नीट बोला. कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो हे मला त्यांच्याइतकं कुणीच सांगितलं नाही.

आता कोपऱ्यातला कागद.

अर्ज परत आल्यावर मी कुणाशी बोलले नाही. घरी सांगितलं, निवड झाली नाही. मग तिसऱ्या वर्षात झोप उडाली. सकाळची बस मुद्दाम चुकवायला लागले. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली आणि त्याची नोटीस लागली तेव्हा तिच्याच शेजारी समुपदेशकाच्या वेळा होत्या. त्या कागदासमोर मी किती वेळा उभी राहिले असेन! भीती तीन होत्या. कुणी आत जाताना पाहिलं तर. बाबांना कळवलं तर. आणि सगळ्यांत मोठी म्हणजे, माझ्या कागदपत्रांवर काही लिहिलं गेलं तर. नोंद नसल्यामुळे मी बुडाले होते, आणि इथं नोंद होईल म्हणून घाबरत होते.

चार महिने घालवले मी. तुम्ही चार दिवससुद्धा घालवू नका.

आत काय झालं ते सांगते, कारण न सांगितल्यामुळेच भीती वाटते. साधी खोली होती, दार बंद केलं. मॅडमनी पहिल्यांदा झोप आणि जेवण विचारलं. मी डायरीबद्दल सांगायला लागले आणि रडले, त्यांनी मला थांबवलं नाही. गुणपत्रिकेवर काही आलं नाही, घरी फोन गेला नाही. त्यांनी पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं की इथलं बोलणं इथंच राहतं, फक्त जिवाला धोका दिसला तर कुणाला तरी सांगावं लागतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नं उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. ती कुणाची मेहरबानी नाही. दोन-तीन भेटींनंतर मी हजेरीबद्दल विभागप्रमुखांना स्वतः जाऊन भेटले. वर्ष वाचलं.

तुमच्या कॉलेजात समुपदेशक रोज नसतील, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. त्रास वाढला तर बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे, तिथं जाण्यात कमीपणा नाही. तापासाठी आपण बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जातोच की. वसतिगृहात कुणी छळत असेल तर रॅगिंगविरोधी क्रमांक १८००-१८०-५५२२. हे दोन्ही क्रमांक आज, बरं असतानाच, फोनमध्ये घालून ठेवा. वाईट दिवशी शोधायची ताकद नसते.

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियांचा पुतळा आहे, एका बाईवर हात रोखून उभा असलेला. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा माणूस पॅरिसला जाऊन सांगत राहिला की संमोहनात कुठली चुंबकशक्ती नसते, काम करते ती सूचना, आणि ती ऐकणाऱ्याचं स्वतःचं मन. लहानपणी मला त्या पुतळ्याची भीती वाटायची. आता बसस्टँडकडे जाताना तिथं थांबावंसं वाटतं. 'तुझी निवड झाली नाही' ही सूचना मी स्वतःला किती महिने देत बसले होते!

पुढे पदव्युत्तर शिक्षणाला मी पठारावर गेले. पुन्हा गावांत कामाला गेले, या वेळी डायरी दप्तराच्या पुढच्या कप्प्यात. पहिल्या दिवशी पहिली सही घेतली तेव्हा हात थरथरला होता. तो उत्कृष्ट स्वयंसेवकाचा कागद मला शेवटपर्यंत मिळाला नाही, आणि त्याचं वाईट आजही वाटतं. 'काही बिघडत नाही' असं मी तुम्हाला सांगणार नाही, बिघडतं. पण तेवढ्यावर कुणी संपत नाही, हेही तितकंच खरं. बंधारा गावकरी दर वर्षी घालतात, आणि अजून कधी गेले तर ती आजी मला नावानं हाक मारते.

माझी मावसबहीण यंदा पहिल्या वर्षाला आहे. गेल्या रविवारी तिचं पहिलं श्रमदान होतं. संध्याकाळी फोन केला तर मी विचारायच्या आधीच म्हणाली, 'ताई, सर निघालेच होते. गाडीच्या बॉनेटवर डायरी ठेवून सही घेतली. पानाला थोडा चिखल लागलाय, चालेल ना?'