फॉर्मॅट मारायच्या आधी (दुकानाचा पीसी)

दुकानाचा पीसी परत फॉर्मॅटला आलाय, म्हणून ह्या वेळी आधी लिहून काढतोय. गेल्या मार्चमध्ये मार्केट यार्डातल्या आमच्या हळदीच्या अडतीचा अख्खा टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) डेटा मीच घालवला, दुसऱ्या कुणाला नावं ठेवायची सोय नाही.

केबल, विंडोजचा पेनड्राइव्ह वगैरे सांगत बसत नाही. पहिलं काम बॅकअप, आणि बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही, तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा. मी डेस्कटॉपवरचं टॅलीचं चिन्ह पेनड्राइव्हवर टाकलं आणि निवांत चहाला गेलो, तो निघाला शॉर्टकट, २ केबीचा! खरा डेटा फोल्डर, ज्यात नुसत्या आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात, तो राहिला सी ड्राइव्हवर आणि वरनं फॉर्मॅट मारला. जुनी हार्ड डिस्क असती तर क्विक फॉर्मॅटनंतरही माल तबकडीवर पडून असतो, त्यावर नवीन काही लिहीपर्यंत बराचसा निघतो. आमची होती एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवाली. तिच्यात फॉर्मॅटबरोबर विंडोज ट्रिम, म्हणजे 'ही जागा आता नको' असा निरोप पाठवतं आणि ड्राइव्ह आतल्या आत साफसफाईला लागते. रिकव्हरीवाल्यानं पाच मिनिटांत परत दिली, पैसे पण घेतले नाहीत, तिथंच समजलो. मग पंधरा दिवस वडील पट्ट्या (मालाच्या हिशेबाचे कागद) वाचतायत आणि मी एन्ट्र्या मारतोय.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो, डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर. हार्ड डिस्कला ०५ आणि सी५ ह्या ओळींचे (खराब झालेल्या आणि संशयित जागांचे) आकडे वाढत असतील तर फॉर्मॅटचा नाद सोडा, डिस्कच बदला. एसएसडीचं हेल्थ ९८ टक्के दिसतंय म्हणून गाफील राहू नका, तो आकडा लिहून लिहून होणाऱ्या झिजेचा, आतली कंट्रोलर चिप उडाली तर हार्ड डिस्कसारखी टकटक नाही की काही नाही, ड्राइव्ह दिसायचीच बंद. झिजायची भीती मात्र उगाच, सॅमसंगच्या ५०० जीबीच्या ८७० इव्होला कंपनीनं ३०० टेराबाइट लिखाणाची हमी दिलीय, रोज २० जीबी लिहिलं तरी चाळीस वर्षं.

बॅकअप उघडून बघितला का? शॉर्टकट नाही ना?

कपाटातली कॉपी हार्ड डिस्कवरच ठेवा. एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता ठेवली की सेलमधला चार्ज गळतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात जरा जास्तच. आणि वरच्या मजल्यावरचं कपाट, २०१९ चा पूर विसरलात काय.

टॅलीचं लायसन्स सरेंडर, म्हणजे ह्या पीसीवरनं सोडवून घ्या. प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी फॉन्ट, वायफायचा पासवर्ड. मग फॉर्मॅट... थांबा, आधी तो पेनड्राइव्ह शेजारच्या दुकानातल्या पीसीला लावा, कंपनी उघडा, शेवटच्या पट्टीचा नंबर कागदाशी जुळतोय का बघा, मग मारा.