डिरेक्टरी सर्व्हरवर पासवर्ड तपासताना आणि बदलताना

वापरकर्त्याची ओळख एलडॅप डिरेक्टरीकडून (वापरकर्त्यांच्या नोंदी ठेवणारा, एलडॅप या संवाद-नियमांनी चालणारा सर्व्हर) पडताळायची असेल, तर पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून काढलेले, उलट न फिरवता येणारे रूप) वाचून आपल्या प्रोग्रॅममध्ये तुलना करत बसू नये; आधी शोध घेऊन वापरकर्त्याचा डीएन (डिरेक्टरीतील त्याच्या नोंदीचे पूर्ण, एकमेव नाव) मिळवावा आणि त्याच डीएनने, त्याने दिलेल्या पासवर्डसह 'बाइंड' (सर्व्हरपुढे ओळख सिद्ध करण्याची विनंती) करून निर्णय सर्व्हरवर सोपवावा. मात्र पासवर्डची चौकट रिकामी असेल तर ही विनंती पाठवूच नये, कारण डीएन आहे पण पासवर्ड नाही अशा बाइंडला काही सर्व्हर निनावी प्रवेश मानून यशस्वी उत्तर देतात आणि प्रोग्रॅम कोणालाही आत घेतो. मला ही चूक सर्वांत घातक वाटते, कारण नेहमीच्या चाचणीत ती सहसा दिसतच नाही.

पासवर्ड बदलण्यासाठी ओपनएलडॅप या मुक्त स्रोत एलडॅप सर्व्हरवर आरएफसी ३०६२ या इंटरनेट मानक-दस्तऐवजातील 'पासवर्ड मॉडिफाय' ही क्रिया वापरावी, म्हणजे हॅश करण्याचे काम सर्व्हरकडेच राहते. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत 'युनिकोडपीडब्ल्यूडी' या गुणधर्मात दुहेरी अवतरणचिन्हांसह यूटीएफ-१६ या अक्षर-संकेतनात रूपांतरित केलेला पासवर्ड द्यावा लागतो, आणि वापरकर्ता स्वतः बदल करत असेल तर जुने मूल्य काढणे व नवे घालणे एकाच विनंतीत असावे लागते. दोन्हीकडे जोडणी कूटबद्धच ठेवावी: ६३६ पोर्टवर टीएलएस (जोडणी कूटबद्ध करण्याची पद्धत) किंवा ३८९ वर स्टार्टटीएलएस (साधी जोडणी उघडून मग त्यावर टीएलएस सुरू करणे), आणि सर्व्हरच्या प्रमाणपत्राची तपासणी चालू ठेवूनच.