मराठी टायपिंगचा वेग आधी मोजा, मग वाढवा

मराठी टायपिंग शिकणाऱ्या बहुतेकांचं लक्ष्य ३० शब्द प्रति मिनिट असतं. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० ही अट ठरलेली, आणि महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंगची परीक्षाही मराठीत ३० पासूनच सुरू होते. मात्र आज आपला वेग किती, असं विचारलं तर फार थोड्यांना नक्की आकडा सांगता येतो. सरावाआधी तो काढून घ्या. खाली मी इनस्क्रिप्ट कळफलक (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी) धरून लिहितो आहे. हिशेबाची रीत रेमिंग्टनलाही (जुन्या टाइपरायटरवरून आलेली मांडणी) चालेल, बोटांचा तपशील मात्र चालणार नाही.

शब्द म्हणजे पाच स्ट्रोक

'मी' हाही शब्द आणि 'महाराष्ट्र' हाही शब्दच. म्हणून टायपिंगमध्ये शब्द मोजत नाहीत, स्ट्रोक म्हणजे दाबलेल्या कळा मोजतात, आणि दर पाच स्ट्रोकला एक शब्द धरतात. स्पेससुद्धा स्ट्रोकच. कर्मचारी निवड आयोगाच्या सीएचएसएल (बारावी स्तराच्या पदांसाठीच्या) परीक्षेत इंग्रजीचे मिनिटाला ३५ शब्द म्हणजे तासाला १०,५०० स्ट्रोक आणि हिंदीचे ३० म्हणजे ९,००० स्ट्रोक असं धरलेलं आहे, ते याच हिशेबाने.

'महाराष्ट्र' लिहायला म, ह, काना, र, काना, ष, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), ट, हलन्त, र असे दहा स्ट्रोक लागतात. म्हणजे हा एकटाच दोन शब्दांचा ऐवज. जोडाक्षरांनी भरलेला सरकारी उतारा आणि गोष्टीच्या पुस्तकातलं पान यांचा वेग नुसते शब्द मोजून ताडून पाहिला तर फसगत होते, ती इथेच.

मोजणी कशी करायची

पूर्वी न टाइप केलेला एखादा छापील उतारा घ्या. मोबाइलवर पाच मिनिटं लावा. एका मिनिटाची चाचणी नको, ती स्वतःचं कौतुक करून घ्यायला बरी. थकवा आणि चुका तिसऱ्या मिनिटापासून दिसू लागतात. या मोजणीत बॅकस्पेसला हात लावायचा नाही. चूक झाली तर ती तशीच ठेवून पुढे जायचं.

वेळ संपली की वर्ड प्रोसेसरमध्ये स्पेससह अक्षरसंख्या पाहा. त्याआधी एक खात्री करून घ्या: कोऱ्या पानावर फक्त 'महाराष्ट्र' लिहून आकडा १० येतो का ते बघा. कमी आला तर ते सॉफ्टवेअर जोडाक्षरं एकत्र मोजतंय, त्याचा इथे उपयोग नाही.

आता हिशेब. समजा ७०० स्ट्रोक झाले. भागिले ५ म्हणजे १४० शब्द, पुन्हा भागिले ५ मिनिटं म्हणजे २८. हा ढोबळ वेग. चुका ३५ निघाल्या तर मिनिटाला ७ चुका, त्या वजा करून निव्वळ वेग २१. ७०० पैकी ६६५ स्ट्रोक बरोबर, म्हणजे अचूकता ९५ टक्के.

त्याच माणसाने थोडं सावकाश टाइप केलं, ६२५ स्ट्रोक आणि फक्त १० चुका. ढोबळ वेग २५, निव्वळ २३, अचूकता ९८.४ टक्के. हळू जाऊनही दोन शब्द जास्त! क्लासमध्ये 'स्पीड वाढवा' म्हणून मागे लागणाऱ्यांनी हे गणित एकदा फळ्यावर मांडून दाखवायला हवं.

परीक्षेत चुका धरण्याचे नियम वेगळे असू शकतात. आपल्या परीक्षेच्या सूचना वाचा आणि त्याप्रमाणे वजाबाकी बदला.

चुकांची वही

सरावाचा अभ्यासक्रम या वहीतून निघतो. उताऱ्यातल्या चुका लाल पेनाने खुणा करून वहीत लिहा, आणि चूक कशामुळे झाली तेही शेजारी लिहा. चार-पाच उताऱ्यांनंतर त्याच त्याच चुका पुन्हा येताना दिसतील.

सगळ्यात लबाड चूक शिफ्टची. इंग्रजीत शिफ्ट निसटली तर कॅपिटलचं स्मॉल होतं, वाचणाऱ्याला कळतं तरी. इनस्क्रिप्टमध्ये थेट दुसरं अक्षर उमटतं. 'शाळा' लिहिताना दोन्ही वेळा शिफ्ट हुकली तर कागदावर 'साला' येतो, आणि तो शब्द असल्याने स्पेलचेकही गप्प बसतो. मुख्याध्यापकांना अर्ज लिहिताना जपा. उपाय जुनाच: अक्षर ज्या हाताचं, शिफ्ट त्याच्या विरुद्ध हाताची. श आणि ळ उजव्या हाताचे, तर शिफ्ट डावी. ण डाव्या हाताचा, तर शिफ्ट उजवी.

दुसरी चूक रेमिंग्टनवरून आलेल्यांची. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची सवय असते. इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराचा क्रम पाळायचा: आधी क, मग वेलांटी. रफारही तसाच. 'सर्व' म्हणजे स, र, हलन्त, व. 'वाऱ्यावर'मधला ऱ मात्र वेगळा, तो जे कळीवर शिफ्ट धरून येतो, त्यापुढे हलन्त आणि य.

तिसरा प्रकार बोटांच्या अडचणीचा, आणि तो सहसा कुणी शिकवत नाही. इनस्क्रिप्टची मांडणी सुरेख आहे. स्वर आणि मात्रा डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे, त्यामुळे हात आळीपाळीने चालतात. पण म, न, व ही व्यंजनं डाव्या हाताच्या खालच्या ओळीत आहेत. म सी कळीवर आणि काना ई कळीवर, दोन्ही डाव्या मधल्या बोटाचे. म्हणजे 'मा' लिहिताना एकाच बोटाला तळमजल्यावरून थेट वरच्या मजल्यावर उडी मारावी लागते. 'नी', 'वी', 'वि' यांत हीच तारांबळ डाव्या तर्जनीची. 'विमान' हा अख्खा शब्द डाव्या हाताचा. मराठीत माझा, माणूस, मागे, नवीन असे शब्द पावलोपावली येतात, तेव्हा वेग अडतो तो बहुधा इथेच. अशा शब्दांची वेगळी यादी करून ती मुद्दाम सावकाश घोटा.

रोजचा सराव

रोज वीस मिनिटं पुरेत. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा ती बरी.

इंग्रजीच्या क्लासमध्ये 'ए एस डी एफ जी एफ, सेमिकोलन एल के जे एच जे' ही ओळ पानंच्या पानं काढायला लावतात. मराठीत मधल्या ओळीवरच खरे शब्द तयार होतात: पोपट, चिकट, तुरट, पोट, टोक, चोर, पत्र, चक्र, रक्त, कुत्रे. पहिली पाच मिनिटं यांच्यावर घालवा. तर्जनी एफ आणि जे वरच्या उंचवट्यांवर परत येतायत ना, एवढंच बघा. मान खाली घालून कळा बघायच्या नाहीत. राहवत नसेल तर हातांवर रुमाल टाका.

पुढची दहा मिनिटं वहीतल्या चुकांचे शब्द, अगदी संथ, एका लयीत. अवघड जोडाक्षराशी अडखळून सोप्या शब्दावर धाव घेतली की लय तुटते आणि चूक धावलेल्या भागात होते. शेवटची पाच मिनिटं नवा उतारा.

मोजणी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी. माझा नियम असा: अचूकता ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर वेग मुद्दाम कमी करा, ९८ च्या वर सलग दोन आठवडे राहिली तर थोडा ताण द्या. मधल्या पट्ट्यात असाल तर काही बदलू नका. इंग्रजीचा सराव करणाऱ्यांना मंकीटाइप हे संकेतस्थळ वेग आणि अचूकता दोन्ही दाखवतं, आणि कीबीआर हे दुसरं संकेतस्थळ एकेक अक्षर वाढवत नेतं.

परीक्षा जवळ आली की लॅपटॉप बाजूला ठेवून साध्या वायरच्या कीबोर्डवर बसा, कारण केंद्रावर बहुधा तसाच मिळतो आणि त्याच्या कळा खोल जातात. वेळ सुरू होण्याआधी टाइप करून बघायची संधी मिळाली तर पाणी, विमान, वाऱ्यावर आणि क्षत्रिय हे चार शब्द लिहा. मांडणी वेगळी निघाली तर पर्यवेक्षकांना तिथेच सांगा.