फील्ड टेलिफोन उघडण्याआधीची जुळवाजुळव

सगळ्यात आधी दुसरा फोन मिळवा. लष्करी फील्ड टेलिफोनला एक्स्चेंज लागत नाही, पण जोडीदार लागतोच. एकटा घेतला तर ती शोभेची पेटी. दुरुस्तीतही खरा आधार जोडीदाराचाच असतो. चालू फोनचा हँडसेट आजारी फोनला लावून पाहिला की दोष पेटीत आहे की हँडसेटमध्ये, हे लगेच कळते. म्हणून अमेरिकी ईई-८ असेल तर दुसराही ईई-८च शोधा, ब्रिटिश 'सेट एफ' असेल तर तोच. लोकल बॅटरीचे, म्हणजे स्वतःच्याच पेटीतल्या सेलवर चालणारे, वेगवेगळ्या देशांचे फोनही सहसा एकमेकांशी बोलतात, पण त्यांचे सुटे भाग अदलाबदल करता येत नाहीत. विकत घेताना पावती मागून घ्या. आपल्या नागपूरला कामठीची लष्करी छावणी शेजारीच असल्याने पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठून आणला बापा?"

काम दिवाळीनंतर काढा आणि होळीच्या आत उरका. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा जुने रबर आणि मेण दोन्ही हाताला चिकटतात. पावसाळ्यात ईई-८ च्या चामडी पेटीवर बुरशी धरते.

पेचकस हातात घेण्याआधी कागद-पेन घ्या. आत काय आहे ते डोक्यात बसलेले हवे. टॉर्चचे दोन मोठे सेल म्हणजे ३ व्होल्ट, तेवढ्यावर कार्बन मायक्रोफोन चालतो. बोलण्याच्या दाबाने कार्बनचे कण दबतात-सुटतात, त्यांचा रोध बदलतो, आणि इंडक्शन कॉइल तो बदल तारेवर पाठवते. घंटेचा सेलशी काही संबंध नाही. ती समोरच्याने हँडल फिरवून मॅग्नेटोतून, म्हणजे हाताने फिरवायच्या छोट्या जनित्रातून, पाठवलेल्या विजेवर वाजते. म्हणजे घंटा वाजते पण आवाज जात नाही, अशी तक्रार असेल तर सेल, त्यांचे संपर्क, बोलायचे बटण आणि मायक्रोफोन एवढेच आधी तपासायचे. हे डोक्यात पक्के झाले की निम्मे पेच न उघडताच काम होते. मोबाइलवर प्रत्येक जोडणीचा फोटो काढा, तारेला कागदी चिठ्ठी बांधा.

सामान फार लागत नाही. मल्टिमीटर, दोन-तीन मापांचे चांगले पेचकस (झिजलेला पेचकस पितळी पेचाची खाच खातो), छोटे सोल्डरिंग आयर्न, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जाड कागदाच्या पट्ट्या. संपर्कांवर पॉलिश पेपर घासू नका. अल्कोहोलमध्ये बुडवलेली कागदी पट्टी दोन संपर्कांमध्ये धरून ओढा, पुरते. स्वयंपाकघरातून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर दोन्ही आणून ठेवा. जुना झिंक-कार्बन सेल फुटला असेल तर त्याची घाण आम्लधर्मी असते, तिच्यावर खाण्याचा सोडा लावा. कोणी मधल्या काळात अल्कलाइन सेल घालून विसरला असेल तर व्हिनेगर. मायक्रोफोन मुका वाटला तर हँडसेट तळहातावर हलकेच आपटा, दमटपणाने घट्ट बसलेले कण मोकळे होतात. कॅप्सूल मात्र फोडू नका.

मॅग्नेटोबद्दल मी जरा हट्टी आहे. त्यातले फिरते आर्मेचर (तारेचे वेटोळे असलेला गाभा) चुंबकांमधून बाहेर काढू नका. जुन्या पोलादी चुंबकांना लोखंडी पूल (दोन्ही टोके जोडणारी लोखंडी पट्टी) न देता आर्मेचर काढले तर ते कायमचे कमजोर होतात, आणि मग घंटा नुसती कुरकुरते. बाहेरूनच धूळ झटका, बेअरिंगला मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. चाचणीसाठी मल्टिमीटर एसी २०० व्होल्टवर ठेवा, ओहमवर नाही. हँडल जोरात फिरवले की साधारण ७० ते ९० व्होल्ट दिसायला हवेत, त्यामुळे त्या वेळी टर्मिनलला हात लावायचा नाही. पोरांना तर आधीच बजावा. मेणकागदी कपॅसिटर गळका निघाला तर तेवढ्याच मूल्याचा फिल्म कपॅसिटर जुन्या डब्यातच लपवा. पेटीचा रंग आणि त्यावरचे शिक्के शाबूत राहू द्या. नवा रंग मारून चकचकीत केलेला सेट मला तरी दुकानातल्या खेळण्यासारखा दिसतो.

जमले तर मध्ये एकदा जबलपूरला जाऊन या. कोअर ऑफ सिग्नल्सचे संग्रहालय तिथे आहे. हे दल १९११ साली उभे राहिले. परिसर लष्करी आहे, तेव्हा प्रवेशाची चौकशी आधीच करा.

शेवटी तार. फील्ड केबलमध्ये तांब्याबरोबर पोलादाचेही धागे असतात, म्हणून ती ताण सोसते पण बोटाला टोचते. दोन तारांची केबल जोडताना दोन्ही तारांच्या गाठी मागेपुढे घ्या, नाहीतर उघडे भाग एकमेकांना लागतील. एकच तार टाकून परतीचा मार्ग जमिनीतून घ्यायचा असेल तर खुंटी आणि मिठाचे पाणी तयार ठेवा, कारण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडते. तार अंगणातच ठेवा, महावितरणच्या खांबांवरून नेऊ नका, घरच्या चालू टेलिफोन लाइनला जोडू नका. आणि मार्च-एप्रिलमध्ये अवकाळीचे ढग दिसले की दोन्ही टोके सोडवून तार गुंडाळून ठेवा.