परसातल्या तळ्यात दगड कुठे घालावेत आणि कुठे घालू नयेत

लायनर, म्हणजे पाणी जमिनीत मुरू नये म्हणून खड्ड्यात घालायचे आवरण, अंथरून झाले, आता पाणी सोडायचे तेवढे उरले, अशा वेळी खड्ड्याच्या काठाशी उभे राहून घरातले प्रत्येक माणूस एकच सूचना करते की हे काळे प्लास्टिक आधी दगडांनी झाकून टाका. सात वर्षांपूर्वी इंदुरातल्या आमच्या घरामागे तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद तळे करताना मीही ती सूचना ऐकली आणि तळापासून काठापर्यंत गोटे पसरले. पहिले वर्ष तळे देखणे दिसले. दुसऱ्या उन्हाळ्यात पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले, म्हणून तळाचा एक गोटा उचलला, तर त्याच्याखालून काजळीसारखा काळा गाळ उसळला आणि सडक्या अंड्यासारखा वास अंगणभर पसरला. त्यानंतर तळावरचे सगळे दगड बाहेर काढले, काठावरचे आणि पायरीवरचे बहुतेक ठेवले. तेव्हापासून दगड काठाला आणि पायरीला, तळ मात्र उघडा, अशीच मांडणी मी सर्वांना सुचवतो. ती का करावी आणि कशी करावी, ते पुढे लिहिले आहे.

तळावरच्या दगडांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वस्ती करतात, म्हणून दगड पाणी शुद्ध करतात, असे सांगितले जाते. यातला पहिला भाग खरा आहे. परंतु या जिवाणूंना प्राणवायू लागतो आणि तळाशी एकमेकांवर पडलेल्या दगडांच्या फटींतून पाणी वाहत नसल्यामुळे तिथे तो पोहोचत नाही. पंपाने पाणी ज्यांमधून सतत खेळवले जाते, असे बादलीभर खडे तळावर नुसत्या पडलेल्या गाडीभर दगडांपेक्षा अधिक काम करतात. शिवाय उघड्या लायनरवरही महिना-दोन महिन्यांत बुळबुळीत थर चढतो आणि त्यात हेच जिवाणू असतात. फटींत मात्र पाने, उरलेले खाद्य आणि विष्ठा साचत राहते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि तो संपला की वर सांगितलेला वास देणारा वायू तयार होतो. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातपर्यंत उतरतो. म्हणजे मे महिन्यात, जेव्हा मुळातच प्राणवायू कमी, तेव्हाच कुजण्याचा वेग सर्वाधिक असतो. पहाटेची धाप त्यामुळेच लागते, कारण रात्रभर वनस्पतीही प्राणवायू वापरतच असतात.

याचा अर्थ लायनर सगळीकडे उघडे ठेवावे, असा नव्हे. वैशाखातल्या उन्हात आणि वाऱ्यात माझ्या तळ्यातले पाणी दिवसाला एक सेंटीमीटरच्या आसपास उतरते. आठवडाभर भर घातली नाही, तर काठाखालचा चांगला चार बोटे रुंद पट्टा उघडा पडतो आणि लायनर सर्वांत आधी तिथेच कडक होऊन तडकते. पाण्याखालच्या भागाला उन्हाचा असा त्रास नसतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. उन्हाळ्यात खारी, सरडे, मधमाश्या, क्वचित मुंगूसही पाण्यावर येतात आणि उघड्या लायनरचा उभा काठ शेवाळाने इतका निसरडा झालेला असतो, की आत पडलेल्या जिवाला वर येता येत नाही. दगड काढल्यानंतर पंधरा दिवस काठाची एक बाजू मी उघडीच ठेवली होती आणि एका सकाळी त्याच बाजूला खार तरंगताना सापडली. तिच्या नखांचे ओरखडे शेवाळावर पाण्यापासून वीतभर उंचीपर्यंत स्पष्ट दिसत होते. तेव्हा निदान एका बाजूने तरी दगडांचा उतार पाण्यातून थेट जमिनीपर्यंत आलेला असलाच पाहिजे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे लक्षात ठेवून खोदाई दिवाळीनंतर करावी. त्या दिवसांत माती कुदळीला साथ देते आणि कडाही ढासळत नाहीत. खड्डा सर्वांत खोल ठिकाणी ६० सेंटीमीटर असावा, मात्र सांगितलेल्या मापापेक्षा तळाला वीतभर अधिक खणून तिथे मुरूम भरून धुमसावा, म्हणजे मातीची हालचाल लायनरपर्यंत कमी पोहोचते. काठापासून २५ सेंटीमीटर खोलीवर चारही बाजूंनी ३५ सेंटीमीटर रुंदीची पायरी सोडावी आणि तिच्या आतल्या कडेला पाच सेंटीमीटर उंच ओठ ठेवावा. हा ओठ विसरू नये; पायरीवरचे दगड रात्री-अपरात्री तळात घसरतात, ते तो नसल्यामुळेच. तळाला एका कोपऱ्याकडे उतार द्यावा, म्हणजे गाळ आपोआप तिथे गोळा होतो.

लायनरचे माप काढणे सोपे आहे. लांबीत खोलीची दुप्पट आणि दोन्ही काठांवर दाबण्यासाठी ४०-४० सेंटीमीटर मिळवावेत. माझ्या तळ्यासाठी लांबी ३ अधिक १.२ अधिक ०.८ म्हणजे ५ मीटर आणि रुंदी त्याच रीतीने ४ मीटर आली. पायरीसाठी वेगळे काही मिळवावे लागत नाही. शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा (अर्धा मिलिमीटर जाडीचा) एचडीपीई प्लास्टिकचा कागद सहज मिळतो आणि स्वस्त पडतो, परंतु तो ताठ असतो, त्याच्या घड्या नीट बसत नाहीत आणि पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे सैल राहिलेला भाग वर येतो. एक मिलिमीटर जाडीचे ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर महाग असले, तरी ते लवचीक असते आणि पाण्यात बुडते. दोन्हींपैकी काहीही घेतले, तरी खाली पाच सेंटीमीटर चाळलेली वाळू आणि तिच्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे न कुजणारे जाड कृत्रिम कापड, हवेच. मी जिओटेक्स्टाइलसोबत पायरीवर जुन्या सतरंज्यांचे तुकडे घातले होते. दोन वर्षांत त्या कुजून लगदा झाल्या, म्हणून सुती वस्तू यासाठी वापरू नयेत. जाहिरातींचे जुने फ्लेक्स मात्र चांगले टिकतात.

दगडांच्या निवडीत मी चूक केली आणि ती सविस्तर सांगण्याजोगी आहे. नर्मदेचे गुळगुळीत गोटे या कामाला उत्तम, कारण त्यांना धार नसते. पण नर्मदेचा प्रत्येक कंकर शंकर, त्यावर तुझे मासे घाण करणार का, असे म्हणून आईने पहिल्या खेपेलाच नाराजी व्यक्त केली होती. दुसऱ्या खेपेला म्हणून मी पाडलेल्या एका जुन्या वाड्याच्या जोत्याचे काळे दगड आणले. दगड अस्सल माळवी पाषाणाचे होते, परंतु त्यांच्या एका अंगाला जुना चुना घट्ट चिकटलेला होता, तो मी पाहूनही सोडून दिला. महिन्याभरात पाण्याचा जडपणा वाढला, पाणी आम्ल आहे की अल्कली, ते रंगावरून दाखवणारी पीएचची पट्टी अधिक निळी होऊ लागली आणि दगडांवर पांढरी पुटे धरली. मग प्रत्येक दगड बाहेर काढून छिन्नीने चुना उडवण्यात दोन रविवार गेले. यावर साधी परीक्षा आहे: दगड कोरडा करून त्यावर लिंबाचे चार थेंब पिळावेत आणि कान जवळ नेऊन ऐकावे. चरचर ऐकू आली किंवा बुडबुडे दिसले, तर तो दगड तळ्यात घालू नये. संगमरवराच्या चिपा आणि कोट्याची फरशी या परीक्षेत नापास होतात. बांधकामाची खडी परीक्षेत उत्तीर्ण होते, पण तिच्या धारांनी लायनर कापले जाते, म्हणून तीही नको. काठ पक्का करण्यासाठी सिमेंट वापरण्याचा मोह होतो. ताज्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, तेव्हा तोही टाळावा.

दगड धुऊन घ्यावेत आणि मगच रचावेत. नारळाएवढे किंवा त्याहून मोठे दगड आधी पायरीवर, ओठाला टेकवून बसवावेत. प्रत्येक जड दगडाखाली लायनरचा उरलेला दुहेरी तुकडा सरकवावा. त्यांच्या पाठीमागे मध्यम आकाराचे दगड काठापर्यंत असे चढवत न्यावेत, की लायनर कुठूनही दिसणार नाही आणि दगड हाताने हलवला, तर डुलणार नाही. लायनरची मोकळी किनार काठाबाहेर जमिनीच्या पातळीपेक्षा दोन बोटे उंच उचलून मगच दाबावी, नाहीतर पहिल्याच पावसात बागेतली माती वाहून आत येते. दगडांमध्ये उथळ खळगे राहू देऊ नयेत. तिथे डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे पोहोचत नाहीत आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी उडते; रचून झाल्यावर पाणी सोडून अशा जागा शोधाव्यात आणि लहान गोट्यांनी बुजवाव्यात. हे गोटे गोल्डफिशच्या तोंडात मावणार नाहीत एवढे तरी असावेत, कारण खडे तोंडात घेऊन टाकण्याची त्यांना सवय असते आणि नेमक्या आकाराचा खडा अडकतो. कोई मासे पाळायचे असतील, तर खोली किमान एक मीटर हवी आणि पायरीवर धारदार काही नको. कमळ, कुमुदिनी काळ्या मातीच्या घमेल्यांत लावून घमेली थेट उघड्या तळावर ठेवावीत. कमळाच्या कंदाचे टोक अणकुचीदार असते, त्यामुळे ते मोकळे सोडू नये.

उघड्या तळाचा लाभ सफाईच्या दिवशी कळतो. फाल्गुन-चैत्रात कडुलिंबाची पाने झडतात, तेव्हा जाळी फिरवून ती रोज पाच मिनिटांत निघतात. आठवड्यातून एकदा पाइपाचे एक टोक खोल कोपऱ्यात धरून दुसरे जास्वंदीच्या आळ्यात सोडावे. दहावा हिस्सा पाणी गाळासकट झाडांना जाते आणि जास्वंद त्याचे चीज करते. माझ्या तळ्यात पायऱ्या वजा जाता सुमारे अडीच हजार लिटर पाणी आहे, म्हणजे दर वेळी अडीचशे लिटर काढावे लागते. भर घालताना नळाच्या पाण्यातले क्लोरिन उडून जाण्यासाठी ते आदल्या दिवशी उघड्या पिंपात भरून ठेवावे. आमच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येत असल्याने पिंप तसाही भरलेलाच असतो. पावसाळ्यात मात्र तळे पूर्ण रिकामे करू नये. काळ्या मातीत मुरलेले पाणी खालून दाब देते आणि उघडा तळ पुरीसारखा फुगून वर येतो.

ज्यांच्या तळ्यात आधीच तळभर दगड आहेत, त्यांनी ते एका दिवसात उपसू नयेत, कारण खवळलेला गाळ उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतो आणि मासे दगावतात. थंडीच्या दिवसांत सकाळी, कारंजे चालू ठेवून, तळाचा चौथा हिस्सा मोकळा करावा, गाळ लगेच पाइपाने ओढून घ्यावा आणि पुढच्या हिश्श्याला पंधरा दिवसांनी हात लावावा. मासे थोडे असतील, तर त्यांना त्याच तळ्याच्या पाण्याने भरलेल्या टबात काढून ठेवणे अधिक चांगले. निघालेले गोटे टाकून देऊ नयेत; पायरीवरच्या फटी बुजवायला त्यांतले निम्मे तरी लागतात.