जुनं निसर्गचित्र पुन्हा हाती घेताय? या चुका टाळा

ताम्हिणी घाटाचं एक तैलचित्र माझ्याकडे २०११ पासून आहे. दर दोन-चार वर्षांनी त्यावर हात फिरवतो आणि दर वेळी काहीतरी बिघडवून ठेवतो. बिघाड बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच होतो.

एकदा डोंगराच्या पायथ्याची झाडी राखेसारखी वाटली म्हणून तिच्यात प्रशियन ब्लू हा गडद निळा आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग भरला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पायथ्याशी नुसतं काळं भोक. मुळात रंग फिका झालाच नव्हता. खालच्या थराने तेल पिऊन टाकलं होतं आणि वरचा भाग कोरडा पडला होता. अंबरची ही खोड जुनीच. अशा वेळी आधी धूळ पुसा. मऊ सुती कापडावर जवसाच्या तेलाचे दोन थेंब घेऊन तेवढाच भाग चोळा आणि लगेच कोरड्या कापडाने जवळजवळ सगळं तेल पुसून काढा. खरा रंग वर येतो. कित्येकदा काम तिथेच संपतं. तेल साचू दिलंत तर मात्र पुढे पिवळा डाग पडतो. आणि हो, ते तेलकट कापड चुरगाळून टोपलीत टाकू नका, आपोआप पेटू शकतं. पाण्यात भिजवून टाका.

आकाश हिरवट दिसतंय? निळी ट्यूब उघडण्याआधी चित्र कुठे ठेवलं होतं ते आठवा. अंधारात रंगातलं जवसाचं तेल पिवळं पडतं, आणि त्यातून निळं हिरवट दिसतं. काही आठवडे खिडकीजवळ, थेट ऊन टाळून ठेवलं की बराचसा पिवळेपणा उतरतो. पावसाळाभर भिंतीला टेकवून ठेवलं असेल तर मागून बुरशीही बघा.

टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग जुन्या तेलकट थरावर देऊ नका. वरचा थर आधी वाळतो, खालचा अजून हलत असतो, मग भेगा पडतात. अमेरिकन चित्रकार अल्बर्ट पिंकहॅम रायडर (१८४७–१९१७) एकेक चित्र वर्षानुवर्षं रंगवत राहिला, ओल्या थरांवर थर चढवत. त्याची कितीतरी चित्रं काळवंडली, तडकली. ॲक्रिलिक तर तैलरंगावर नकोच, सोलून निघतं. व्हार्निश दिलेलं असेल तर आधी ते काढा. नाहीतर पुढे कोणी व्हार्निश साफ करताना तुमचं नवं कामही पुसून जाईल.

जुन्या ढगाचा जाड फटकारा नव्या निळ्याखालून तिरप्या उजेडात हमखास दिसतो. पॅलेट नाइफने खरवडा. घासायचाच असेल तर ओल्या वॉटर पेपरने, म्हणजे पाणी लावून वापरायच्या सँडपेपरने. कॅडमियम किंवा शिशाच्या रंगाची धूळ नाकात जाता कामा नये.

आजचा घाट बघून तेव्हाचं चित्र दुरुस्त करायला मात्र बसू नका. मी दोनदा बसलो. परिणामी माझ्या चित्रात ऑगस्टचं आकाश आहे आणि मार्चचं गवत.

फ्रेंच चित्रकार पिएर बोनारला जानेवारी १९४७ मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, फुललेल्या बदामाच्या चित्रातला जमिनीवरचा हिरवा खटकत होता. हातात ताकद नव्हती, म्हणून भाच्याच्या मदतीने त्याने तेवढी जागा पिवळी करून घेतली. मीही हल्ली ब्रश उचलण्याआधी चित्राचा फोटो काढतो आणि खटकणारी एकच जागा ठरवतो. या वेळी ते गवत.